थाळी वाजवण्याबाबतचा ठराव

डॉक्टर व्हायचं तर माणसाने लातूरलाच राहिलं पाहिजे, नांदेडात राहून फार तर कंपाउंडर होता येतं, असं आमच्या वडिलांचं ठाम मत होतं. ते नांदेडच्या तहसिलीत कारकून होते. घरात चहा सांडला तरी "सबब काय?" म्हणून विचारायचे आणि आई बिचारी खरोखर सबब सांगायची. दहावीला मला बरे मार्क पडले तेव्हा भोकरच्या आत्यापासून माहूरच्या मामापर्यंत सगळ्यांनी एकच फैसला दिला, की पोरीला लातूरला टाका. शब्द हाच, टाका. दळण टाकतात तसं.  आमच्याकडे त्या वयात कुणी काही बोलत नसे, आणि खरं सांगायचं तर मलाही जायचंच होतं, कारण लातूरला जाऊन आलेल्या मुली सुट्टीत घरी आल्या की त्यांना कुणी भांडी घासायला सांगत नसत.

भूकंप होऊन फार काळ लोटला नव्हता. निम्मं लातूर अजून छताखाली झोपायला बिचकत होतं आणि उरलेलं निम्मं त्याच छतांवर पत्रे ठोकून क्लास काढत होतं. जिथे तिथे पाट्या. भौतिकशास्त्राची पाटी, तिच्यावर रसायनशास्त्राची, तिच्यावर भिंतीला गेलेली चीर. आमच्या वसतिगृहाचे मालक अप्पा हे मूळचे आडतीचे माणूस. तुरीची पोती हलवून त्यांनी गोदामात पोरी ठेवल्या आणि पुढच्या खोल्या एका क्लासला दिल्या. पावसाळ्यात भिंतींना तुरीचा वास यायचा. आम्ही एकेचाळीस जणी. त्यांत चार सुनीता आणि तीन अर्चना, म्हणून अप्पांनी पहिल्याच आठवड्यात नावं रद्द करून गावं लावली. उदगीर, निलंगा, देगलूर, अहमदपूर. मी नांदेड. "नांदेड, तुजा फोन हाय" अशी हाक आली की क्षणभर साऱ्या जिल्ह्याची जबाबदारी आपल्यावर आल्यासारखं वाटायचं.

स्वयंपाक गोदामावशी करायची. ती भूकंपात गेलेल्या एका गावची. तिचं कोण कोण गेलं ते तिने आम्हाला कधी सांगितलं नाही. अप्पांनी एकदा हलक्या आवाजात आकडा सांगितला होता आणि त्या दिवशी आम्ही आपापली ताटं स्वतः घासली होती. ती अंगणातल्या पत्र्याच्या खोपीत राहायची, पक्क्या छताखाली स्वयंपाकापुरतीही येत नसे, चूलसुद्धा तिने बाहेर मांडून घेतली होती. ज्वारीची भाकरी ती अशी थापायची की टप टप टप तो आवाज ऐकूनच आम्हाला किती वाजले ते कळायचं. आंबट वरण, वर लसणाची फोडणी, पाट्यावरची शेंगदाण्याची चटणी, आणि रविवारी सुशीला, म्हणजे भिजवलेल्या मुरमुऱ्यांना कांदा-मिरची-दाण्याचा कूट लावून केलेला आमच्या मराठवाड्याचा उपमाच म्हणा. क्लासमध्ये आम्ही मागच्या चाचणीच्या क्रमांकाने बसत असू आणि ती सवय अंगात मुरून जेवायच्या रांगेतही तशाच उभ्या राहत असू. पहिली उदगीर, दुसरी निलंगा. गोदामावशीला मात्र यातलं काही कळत नव्हतं. जिचं तोंड सुकलेलं दिसेल तिला ती आधी वाढायची. एकदा उदगीरने तिला समजावून सांगितलं की मावशी, मी पहिली आहे. "तू पयली हायस तर थांब की वाईच," मावशी म्हणाली, "तुला काय घाई, बाई?"

आता थाळीकडे येते. गोदामावशीकडे पितळेची एक जुनी थाळी होती. जमीन हलल्यासारखी वाटली की ती थाळी उलथन्याने बडवायची आणि "भाईर पळा गं लेकरांनो, भाईर!" म्हणून ओरडायची. आणि जमीन तिला सारखी हलल्यासारखी वाटायची. उसाचा ट्रक गेला, थाळी. शेजारच्या क्लासने बाकं सरकवली, थाळी. देगलूर गोदामात दोरीवरच्या उड्या मारत होती, थाळी. आम्ही एकेचाळीस जणी हातात पेन, पायात काही नाही, अशा दुपारच्या उन्हात अंगणात उभ्या. मावशी एकेकीच्या डोक्याला हात लावून मोजायची, एकेचाळीस भरल्या की मग थाळी खाली ठेवायची. सुरुवातीला आम्हाला मजा वाटली. पुढे चाचण्यांची मालिका लागली. एका दुपारी मी भौतिकशास्त्राचं शेवटचं गणित सोडवत होते, उत्तर दोन ओळींवर आलं होतं आणि थाळी वाजली. बाहेरून येणारी पोरं लिहीत राहिली आणि आम्ही परत येईपर्यंत पेपर गोळा झाले होते. माझा क्रमांक सहावरून एकोणिसावर गेला. वडिलांचं पत्र आलं, त्यात खुशाली नव्हती. एकच ओळ होती : सबब कळविणे.

अशी पत्रं पुष्कळ जणींना आली असावीत, कारण पालकांनी अप्पांना धरलं. बाईला काढा आणि डबेवाला लावा. अप्पा पेचात पडले. बाई भूकंपातली. तिला आपण काढलं तर गाव तोंडात शेण घालेल, न काढावं तर पोरी दुसऱ्या वसतिगृहात जातील. तेव्हा त्यांनी आडत्याच्या डोक्याने मार्ग काढला. जेवणाच्या वेळी अंगणात उभे राहून म्हणाले, "ह्ये बगा, लोकशाही हाय. मावशीला ठिवायचं का न्हाई, तुमीच मतं घाला. मी मधी पडनार न्हाई." मावशी तेव्हा तिथेच वरण वाढत होती. तिच्या हातातला डाव क्षणभर हवेत थांबला आणि ती पुन्हा वाढू लागली.

मतदान घ्यायला अप्पांनी सोनकांबळे सरांना बोलावलं. सर आम्हाला पाली शिकवायचे. डॉक्टर होऊ घातलेल्या एकेचाळीस पोरी पाली का शिकत होत्या, हे आजच्या वाचकाला सांगायला हवं. भाषा म्हणून मराठी घेतली तर साठ पडतात, पाली घेतली तर नव्वद पडतात, एवढंच कारण होतं. पाली कुणाला येत नव्हती. सरांच्या नोट्स होत्या, त्या आम्ही पाठ करायचो, आणि पेपरात ओतून यायचो. सरांची गोष्ट वेगळी होती. कॉलेजात त्यांच्या विभागात तीन विद्यार्थी होते, त्यांतला एक शिष्यवृत्तीपुरता. लातूरच्या क्लासात त्यांच्यापुढे एकदम दोनशे पोरं बसली तेव्हा त्या भल्या माणसाला वाटलं, की दिवस पालटले. ते जीव तोडून शिकवायचे. म्हणायचे, "बाळांनो, ज्यानं जुनं वाङ्मय वाचलं न्हाई त्यानं मतपेटीपशी जाऊ नये. अडीच हजार वर्षांमागं आपल्याकडं भिक्खू बसून मतं घेत व्हते. ते वाचल्याबिगर नागरिक कसं व्हणार?" यावर अप्पांचं म्हणणं असं, की मताला वाङ्मय लागत नसतं, बोट लागतं, शाई लावायला. दोघांची यावरून चहा पिताना कायम जुंपायची आणि चहा अप्पांचा असल्यामुळे सर थोडं पडतं घ्यायचे.

पहिलं मतदान कागदावर झालं. सरांनी एकेक कोरा कागद दिला आणि सांगितलं, मावशी राहावी की जावी, तुमचं मत लिहा. पाऊण तास झाला तरी एकीचा कागद येईना. आले ते असे. सगळ्यांनी डावीकडे समास सोडला होता आणि वर हजेरी क्रमांक टाकला होता. तेवीस जणींनी 'मावशी राहण्याचे फायदे' आणि 'मावशी राहण्याचे तोटे' असे प्रत्येकी पाच मुद्दे लिहिले होते. निलंग्याने पुरवणी जोडली होती. अहमदपूरने थाळीची आकृती काढून भागांना नावं दिली होती. सहा जणींनी कागद कोरा ठेवला, कारण चुकीच्या उत्तराला मार्क कापतात की काय याची त्यांना खात्री नव्हती. देगलूरने निर्लज्जपणे उदगीरचं उतरवून काढलं होतं, हजेरी क्रमांकासकट. सरांनी तो गठ्ठा दोनदा चाळला. "अगं, तुमाला काय वाटतंय ते लिवायचं व्हतं," ते म्हणाले. उदगीरने हात वर करून विचारलं, "सर, ते नोट्समध्ये आहे का?"

मी हसत नाही त्यांना, कारण कोऱ्या कागदांतला एक माझा होता. पुढे बँकेत लागल्यावर मला निवडणुकीच्या कितीतरी ड्युट्या आल्या. आडोशामागे जाऊन पाच पाच मिनिटं उभी राहणारी माणसं पाहिली की मला तो कागद आठवायचा आणि मी कुणाला लवकर आटपा म्हणत नसे.

मग सरांनी जुनी रीत काढली. नोट्समधला तो पाच मार्कांचा प्रश्न आम्हाला सगळ्यांना पाठ होता : भिक्खूसंघात मत घेण्यासाठी दोन रंगांच्या लाकडी काड्या वाटत, जो ज्या मताचा तो त्या रंगाची काडी घेई, आणि काड्या वाटण्याचं काम पक्षपात न करणाऱ्या माणसाकडे असे. सरांनी अप्पांचा खराटा सोडवला. निम्म्या काड्या हळदीच्या पाण्यात बुडवल्या, निम्म्या निळ्या शाईत. पिवळी म्हणजे मावशी राहील, निळी म्हणजे जाईल. पालीत मी पहिली होते म्हणून मोजणी माझ्याकडे आली. दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही एकेक करून काडी उचलून मडक्यात टाकली. तीस निळ्या निघाल्या, अकरा पिवळ्या. तिसांतली एक माझी. एकोणिसावा क्रमांक मला विसरता येत नव्हता.

अप्पा उठले, धोतर झटकलं, झालं म्हणाले. सर म्हणाले, "बसा. ह्ये मतदान झालंच न्हाई." आणि त्यांनी नोट्सचं पुढचं पान वाचलं. तेही आम्हाला पाठ होतं. बहुमत धर्माच्या विरुद्ध गेलं असं काड्या वाटणाऱ्याला दिसलं, तर मतदान नीट झालं नाही असं सांगून त्याने काड्या परत घ्याव्यात. इतक्या वेळा लिहिलेलं वाक्य, पण त्याचा अर्थ असा आहे हे मला त्या दुपारी कळलं. अप्पांचा तर विश्वासच बसेना. "म्हंजी तुमाला पायजे तसं येईस्तवर मोजायचं?" "मला न्हाई, धम्माला पायजे तसं." "आन् धम्माला काय पायजे ते कोन सांगनार?" "काड्या वाटनारा," सर म्हणाले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर लबाडीचा लवलेश नव्हता. त्यांना मनापासून वाटत होतं, की एका उजाड झालेल्या बाईला एकेचाळीस पोरी घराबाहेर काढत असतील तर चूक मोजणीतच असणार.

तिसऱ्या दिवशी कानात सांगून मतदान झालं. हाही प्रकार नोट्समध्ये होता. सर एकेकीच्या कानाशी वाकून सांगायचे, ही काडी या मताची, ही त्या मताची, घे आणि कुणाला सांगू नको. माझ्या कानात ते म्हणाले, "ही पिवळी, माणुसकीची. ही निळी. बग बाई, तुजी तू." तरी मी निळी घेतली. आज लिहितानाही कान गरम होतो. सव्वीस निळ्या, पंधरा पिवळ्या. "सुधारना हाय," सर म्हणाले आणि काड्या परत घेतल्या. रात्रंदिवस अभ्यास करणाऱ्या पोरी रोज दुपारचा तास काड्यांत घालवून राहिल्या होत्या, आणि अप्पांचा अख्खा खराटा गेल्यामुळे अंगण कुणी झाडत नव्हतं.

त्याच दिवशी गोदामावशी पदराला हात पुसत पुढे आली. "मला बी द्या की एक काडी," ती म्हणाली. सर गडबडले. पानं उलटीपालटी केली. "मावशी, प्रश्नच तुमचा हाय. म्हनून तुमाला मत न्हाई." मावशीने थोडा विचार केला. "बरं," म्हणाली, "मंग तवर भाकरी खाऊन घ्या, गार होऊन राहिल्या."

चौथ्या दिवशी उदगीर उभी राहिली. ती पुढे मोठी सर्जन झाली, आणि का झाली ते मला त्या दिवशीच दिसलं. ती म्हणाली, आपल्याला मावशीचा त्रास नाही, थाळीचा आहे. मावशी ठेवू, थाळी बंद करू. बहुमताने ठराव करू. अंगणात असा आनंद झाला म्हणून सांगू! सरांचे डोळे भरून आले. अप्पा म्हणाले, येवढं डोस्कं आधीच का न्हाई चाललं? काड्या वाटल्या, आणि एकेचाळीसच्या एकेचाळीस पिवळ्या निघाल्या. सरांनी सुवाच्य अक्षरात ठराव लिहिला : सर्वानुमते असे ठरले की श्रीमती गोदाबाई यांनी कामावर राहावे, मात्र सभेच्या परवानगीशिवाय थाळी वाजवू नये. खाली आमच्या सह्या, आणि मावशीला वाचून दाखवून तिचा अंगठा घेतला. अंगठ्याला तीच निळी शाई. ती म्हणाली, "हाव, कळलं." त्या रात्री मी शांत झोपले. माझ्या निळ्या काड्यांचा कुणालाच पत्ता लागणार नव्हता आणि मावशीही राहिली होती. लोकशाही म्हणजे किती सोयीची गोष्ट आहे, असं मला वाटलं.

मावशीने शब्द पाळला. उसाचे ट्रक जात राहिले. ट्रक आला की ती भाकरी तशीच तव्यावर टाकून थाळी पोटाशी घट्ट धरायची आणि डोळे मिटून बसायची. भाकरीला हल्ली काळे डाग पडतात, अशी तक्रार निलंग्याने केली. आमचे क्रमांक सुधारले. मी आठवी आले.

मग एका दुपारी पालीची चाचणी होती. सर खुर्चीत, आम्ही एकेचाळीस जणी गोदामात ओळीने. माझं पेन आपोआप घरंगळत बाकाच्या कडेला गेलं. मी ते उचललं, पुन्हा ठेवलं, ते पुन्हा गेलं. मग वरचा दिवा झुलू लागला आणि जमिनीतून जड काहीतरी ओढत नेल्याचा आवाज आला. हा ट्रक नव्हता. हे आमच्या सगळ्यांच्या ध्यानात आलं आणि एकही उठली नाही. आम्ही थाळीची वाट पाहत होतो. इतके महिने थाळीवर पळालो होतो, आपल्या पायांनी पळायचं असतं हे अंगातून निघूनच गेलं होतं. दारात गोदामावशी उभी होती. ज्या छताखाली ती कधी आली नव्हती, त्याच्या उंबऱ्यावर. एका हातात थाळी, एका हातात उलथनं, आणि तोंड पांढरंफटक.

"सर," ती म्हणाली, "वाजवू का?"

सर उभे राहिले.  मग ते म्हणाले, आणि मी हे शपथेवर सांगते, "ठराव हाय... हात वर करा गं, लवकर!" आम्ही हात वर केले. भिंतीतून माती गळत होती आणि आम्ही हात वर करून बसलो होतो. निलंग्याने आधी उदगीरकडे पाहिलं आणि मग वर केला. मीही केला, पेनासकट. सर बोट दाखवून मोजू लागले. नऊ, दहा, अकरा. बहुमताला एकवीस लागत होते. चौदावर जमीन थांबली.

कुणाला काही झालं नाही. मागच्या भिंतीचे पोपडे पडले, दोन तांबे उलथले, तेवढंच. पण बराच वेळ हात खाली आले नाहीत. मग देगलूर फिसकन हसली आणि तिच्यामागे आम्ही सगळ्या हसत सुटलो, पोट धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत, आणि त्या पाण्यातलं थोडं हसण्याचं नव्हतं. सर मात्र खाली बसले. हातातलं बोट अजून तसंच पुढे. ते पुढे दोन वर्षं शिकवत होते, पण तो पाच मार्कांचा प्रश्न त्यांनी नोट्समधून काढून टाकला, आणि पोरांनी तक्रार केली की हुकमी मार्क गेले. सर खरे की अप्पा, याचा निकाल मला आजही लावता आलेला नाही. जुनं वाचल्याने माणूस शहाणा होतो असं म्हणावं तर हात वर करून बसलेल्या आम्ही होतो. काहीच वाचू नये म्हणावं तर त्या पोथीत चूक नव्हती, आम्हीच ती पाठ केली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी गोदामावशीने बोचकं बांधलं. रेणापूरला तिच्या नात्यातलं कुणीतरी शेतावर होतं. अप्पांनी हातापाया पडून पाहिलं, पगार वाढवतो म्हणाले.  उदगीरने ठराव फाडून टाकायची तयारी दाखवली, बहुमताने. मी बोचकं उचलून रेणापूरच्या जीपपर्यंत गेले. सगळ्या वाटेत मला सांगायचं होतं की मावशी, त्या निळ्या काड्यांत दोन्ही वेळा माझी होती. ते काही तोंडातून निघेना. जीपचा ड्रायव्हर हॉर्न वाजवायला लागला तेव्हा भलतंच निघालं. मी म्हणाले, "मावशी, जमीन खरंच हलत होती. मग विचारत कामून बसलीस? वाजवायची ना सरळ!"

तिने जीपमध्ये बसून बोचकं माझ्या हातातून घेतलं, मांडीवर ठेवलं, आणि माझ्याकडे असं पाहिलं की तिला निळ्या काड्यांचं सगळं ठाऊक असावं.

"आदी कुटं इचारत व्हते गं मी?" ती म्हणाली. "तुमच्या संगतीनं शिकले. ढवळ्याशेजारी बांदला पवळ्या, वान न्हाई पर गुन लागला."